मागचा सेट भरलेलाच

आवाज न करता अंगावर येणारी माणसं शांभवीला मुळीच आवडत नसत, आणि हा तर गाडीवर बसून आला.

उद्यमनगरातल्या त्या गल्लीत सकाळी कोण ना कोण काही ना काही ठोकत असतं, त्यामुळे न वाजणारी गाडी कळणार तरी कशी? श्रावणातली भुरभुर चालू होती. ऊन मधेच डोकावत होतं, मधेच तोंड लपवत होतं. शांभवी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कमरेवर घेऊन आपल्या दुकानाकडे रस्ता ओलांडत होती. एवढ्यात उतारावरून एक स्कूटर गुपचूप आली आणि तिच्या चपलेपासून वीतभरावर थांबली. कॅन पडला, झाकण उडालं आणि पाणी वाटेला लागलं.

"हॉर्न वाजवायला हात मोडलेत काय?"

"हात हाईत की," गाडीवरचा म्हणाला. "बॅटरी संपलीया. हॉर्न कशानं वाजवू, तोंडानं?"

"मग तोंडानं वाजवायचा!"

त्यानं वाजवला. "पीं…" अगदी हळू आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं, की शांभवीला हसू फुटलं. ते लपवायला ती खाली वाकली आणि रिकामा कॅन उगीच दोनदा उचलला.

बॅटरी संपलेला माणूस बॅटरीच्याच दुकानापुढे थांबला होता. त्याचं नाव शशिधर, गाव पेठ वडगाव. राजारामपुरीतल्या एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तो करायचा. दोन हजार आठ साल होतं ते. पेट्रोल पन्नाशी ओलांडून गेलेलं, म्हणून पठ्ठ्यानं हौसेनं विजेवरची स्कूटर घेतली होती. लायसन नको, पेट्रोल नको, आवाज नको! पण गाडी विकणाऱ्यानं लोडशेडिंगचं काही सांगितलं नव्हतं. रात्री वडगावात लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसायचा. गाडी अर्धपोटी निघायची आणि कोल्हापूर गाठता गाठता मान टाकायची.

"दुसरा बॅटरी सेट जोडूया की मागं, कॅरियरवर," शांभवी म्हणाली.

काउंटरमागून तिचे वडील, शिवय्या आण्णा, चष्म्यावरून बघत म्हणाले, "जुन्याला नवा जोडलास तर नवा बी मरंल. भरलेला रिकाम्याला पाजत बसतोय."

"मधे डायोड घालतो की आण्णा."

(कोल्हापूरच्या पोरी 'घालते' म्हणत नाहीत, 'घालतो' म्हणतात. नवखा माणूस दचकतो, वडगावकर दचकत नाही.)

"डायोड म्हंजे काय असतंय?" शशिधरनं विचारलं.

"शेतात मोटर हाय तुमच्या?"

"हाय की."

"मग पाइपाच्या बुडाला फुटवॉल्व असतोय न्हवं? पाणी वर जाऊ देतोय, माघारी येऊ देत न्हाय. तसाच हा. दोन्ही सेटला एक-एक घालायचा. ज्याच्यात जोर जास्त त्यो आधी देणार. दोघं सारखं झालं की दोघं मिळून देणार. पण एकानं दुसऱ्याचं प्यायचं न्हाय."

"म्हंजे भांडणच न्हाय."

"न्हाय."

"माणसांत घालता येत न्हाय काय ओ असलं काय?"

"आधी गाडीत घालूया," शांभवी म्हणाली आणि उगीचच स्क्रू ड्रायव्हर शोधू लागली. तो तिच्या हातातच होता.

शांभवीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. पण दुकानात तिच्या वाट्याला काय, तर बिलं फाडणं. आण्णांचं म्हणणं, पोरीच्या जातीनं ॲसिडात हात घालू नयेत. सोल्डरगन कपाटात आणि पोरगी काउंटरवर, असा दोन वर्षांचा संसार चालला होता. आज मात्र ती हटून बसली. शेवटी आण्णांनी हात टेकले.

"बरं. एवढी एक गाडी कर. पण गिऱ्हाइकाची एक जरी तक्रार आली तर सोल्डरगन परत कपाटात. पुन्यांदा नाव काढायचं न्हाय. आणि दुकानाची रीत ध्यानात ठेव. बंद पडलं की आधी जोड बघायचा, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाईक."

हे सगळं शशिधर ऐकत उभा होता, हे लक्षात असू द्या.

तिनं कॅरियरवर पत्र्याची पेटी बसवली, सीटखाली ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन डायोड स्क्रूनं कसले, तारांना सोल्डर मारून वर काळी प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवली. शशिधर स्टुलावर बसून बघत होता. गाडीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त.

"तुम्ही डोळं बारीक करतासा," तो म्हणाला. "जवळचा नंबर लागलाय तुम्हाला. दुकानात या, तपासून देतो."

"माझं डोळं चांगलं हाईत."

"चांगलं हाईत ते दिसतंयच की…" तो थांबला. "पण नंबर लागलाय."

सोल्डरचा एक थेंब भलत्याच ठिकाणी पडला.

नव्या जोडणीत एक खोड होती. डायोड वीज माघारी जाऊ देत नाही, म्हणून दोन्ही सेट वेगवेगळे चार्ज करावे लागत. पुढचा, म्हणजे गाडीचा मूळ सेट शशिधर रात्री घरी लावायचा, जेवढी लाइट मिळेल तेवढी. दिवसभर गाडी शांभवीच्या दुकानात उभी असायची, तिथं पुढच्याबरोबर मागचा सेटही भरायचा. त्याला तिनं जुन्या मालातलं एक निराळंच सॉकेट बसवलं होतं. त्यात जाणारी पिन सबंध कोल्हापुरात एकच, आणि ती तिच्या ड्रॉवरमध्ये. हे तिनं मुद्दाम केलं होतं का? विचारलं असतं तर तिनं भांडण काढलं असतं.

मग रोज सकाळी गाडी दारात लागू लागली. ती पिन खोचायची, तो पेटीवर रेललेला, आणि आण्णांसाठी आलेल्या चहातला अर्धा कप कसा कोण जाणे त्याच्याकडे जायचा.

"आज किती जणींच्या डोळ्यांत बघितलासा?"

"मोजलं न्हाय. फ्रेम बसवायची म्हंजे बघायलाच लागतंय. कानामागं केस बी सारायला लागत्यात."

"केस त्यांचं त्यांना सारता येत न्हाईत काय?"

"येत्यात की. पण आमची भूमिका म्हणती, गिऱ्हाइकाला बरं वाटतंय…"

"कोण भूमिका?"

"काउंटरला असती. शिरोलीची."

झालं! शांभवीचा स्वभाव लहानपणापासून असा, की आव्वानं, म्हणजे आईनं, शेजारच्या पोरीची वेणी घातली तरी ही जेवायची नाही. आता तिच्या कानात भूमिका शिरली. भूमिका म्हणती अमुक, भूमिका म्हणती तमुक. तो सहज बोलायचा, आणि हिच्या हातातली तार काटकन तुटायची. आपल्याला हा माणूस हवा आहे, एकटीला हवा आहे, हे तिला त्या तारा तुटता तुटता कळलं. कळलं आणि राग आला, कारण तो दिवसभर भलत्याच बायकांच्या कानामागचे केस सारत होता.

अशात एका सकाळी तिनं पिन खोचली आणि चार्जरचा लाल दिवा लगेच हिरवा झाला.

तिनं पिन काढून पुन्हा खोचली. पुन्हा हिरवा. मीटर लावून बघितलं, तर पुढचा सेट पार तळाला गेलेला आणि मागचा सेट काठोकाठ. काल संध्याकाळी तिनं भरून दिला होता तसाच. रात्री वडगावला जाऊन, सकाळी परत येऊन, भरलेलाच? दोन्ही सेट सारखेच उतरायला हवे होते. म्हणजे रात्रीतून कुणीतरी तो पुन्हा भरला होता. म्हणजे तसली पिन आणखी कुणाकडे तरी होती!

"गाडी कशी चाललीया?" तिनं शक्य तेवढ्या गोड आवाजात विचारलं.

"झकास," शशिधर म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. आणि यायला आज उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मागचा सेट भरलेलाच, आणि गाडी झकासच. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. शांभवीला सगळं हिरवं दिसू लागलं.

त्यात टेंपोवाला बाळासो बॅटरी बदलायला आला आणि त्यानं तेल ओतलं.

"आण्णा, तुमचं ते चष्म्याचं पोरगं लई रंगात आलंय बघा. रोज सकाळी तावडे हॉटेलपासनं एका पोरीसंगं चालत असतंय."

"चालत? गाडी असताना?" शांभवीनं विचारलं.

"गाडी हातात धरून ओ! आणि पोरगी मागनं, पेटीवर हात ठेवून. पावसात, छत्री न्हाय काय न्हाय. आमच्या वक्ताला असलं काय नव्हतं!"

पेटीवर हात! ती पेटी शांभवीनं स्वतः कापून, घासून, रंगवून बसवली होती. गाडी असून माणूस पायी कधी चालतो? वाट लवकर संपू नये असं वाटतं तेव्हा. रडू येणार असं वाटलं, म्हणून ती आतल्या खोलीत जाऊन ॲसिडचे कॅन रचू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. पुन्हा घामाघूम.

"मागचा सेट रात्री कुठं चार्ज करतासा?"

"कुठंच न्हाय की." तो गोंधळला. "इथंच."

"खोटं बोलायचं तर नीट बोलावं माणसानं." तिनं ड्रॉवर उघडला, पिन काढली आणि त्याच्यापुढे काचेवर ठेवली. "ही घ्या. उद्यापासनं जिथं चालतंय तिथं चार्ज करा. इथं जागा न्हाय."

"माझं काय चुकलं काय ओ?"

"गाडी झकास चाललीया न्हवं? मग काय चुकणार!"

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काउंटरवर आण्णा बसले होते. त्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, तोंड मिटलं, पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि निघाला. त्याचं ते गप्प बसणं हाच तिला पुरावा वाटला.

त्या संध्याकाळी ती आण्णांना म्हणाली, "गडहिंग्लजकरांना येऊ दे रविवारी."

गडहिंग्लजचं स्थळ महिनाभर लोंबकळत होतं. मुलगा मृत्युंजय, इंजिनियर, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला. नाव ठेवायला जागा नाही, आणि म्हणूनच शांभवी रोज नवी सबब सांगत होती. आव्वानं तर देवापुढे साखर ठेवली. आण्णा मात्र पोरीकडे जरा वेळ बघत राहिले.

"बंद पडलं की आधी काय बघायचं?" ते म्हणाले.

"मला आता काय बघायचं न्हाय."

त्यानंतर तो आला नाही. दारातली ती जागा रिकामी बघून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रोज सकाळी ती रस्त्याकडे कान लावायची, आणि मग आठवायचं, त्याच्या गाडीला आवाजच नाही.

शनिवारी सकाळी दुकानात एक मुलगी तरातरा शिरली. भिजलेली, दम लागलेला, वेणी सुटलेली.

"तुम्हीच न्हवं ती डायोडवाली? आधी त्यो तुमचा डबा काढा गाडीवरनं! माझं खांदं गेलं ढकलून ढकलून!"

"कोण तुम्ही?"

"भूमिका. चष्म्याच्या दुकानातली." तिनं ओढणी पिळली. "तावडे हॉटेलपाशी मी वडापच्या जीपमधनं उतरतो, तिथं रोज ह्यांची गाडी मेलेली. माणुसकी म्हणून ढकलू तरी किती? पेटीचं वजन केवढं! मालक रोज बोलतोय उशिरावरनं. आणि मार्गशीर्षात माझं लगीन हाय, त्याच्या आत मला हमाल करू नका!"

शांभवीनं हातातलं बिलबुक खाली ठेवलं. "गाडी… बंद पडती?"

"तर! धा दिस झालं. मी म्हटलं दुकानात सांग, तर हे येडं म्हणतंय, न्हाय. सांगितलं तर त्या पोरीचं काम बंद करतील तिचं वडील. आज मीच ओढत आणलंय बघा त्याला."

गल्लीच्या तोंडाशी, भुरभुरत्या पावसात, शशिधर गाडी धरून उभा होता. चोरी पकडलेल्या माणसासारखा.

शांभवी स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावली. सीट उचलली. मागच्या सेटच्या डायोडवरची काळी स्लीव्ह तिनं चिमटीत धरून जराशी ओढली, आणि डायोडचा पाय तारेसकट अलगद हातात आला. सोल्डर कच्चा होता. रस्त्याच्या हादऱ्यांनी जोड केव्हाच सुटलेला, आणि स्लीव्हच्या आत कुणाला दिसत नव्हता. मागचा सेट कुणी भरला नव्हता. तो रिकामाच होत नव्हता! काठोकाठ भरलेला बोजा घेऊन हा माणूस एका जुन्या सेटवर निघत होता आणि शेवटची वाट ढकलत येत होता. 'झकास' म्हणत होता. आणि आपण मीटर लावून त्याच्यावर आळ घेत होतो. आधी जोड बघायचा, एवढी साधी रीत, ती सोडून आपण सगळ्यात आधी माणूस बघितला!

आण्णा छत्री घेऊन मागे येऊन उभे होते. शांभवी वळली. सांगितलं तर सोल्डरगन कपाटात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आण्णा, चूक माझी हाय. कच्चा जोड मारलाय मी. गाडी रोज बंद पडती."

आण्णांनी शशिधरकडे बघितलं. "काय पावणं, तक्रार हाय काय तुमची?"

"न्हाय."

"गाडी ढकलत आणलीसा."

"व्यायाम हुतोय."

"आणि बाई, तुमची?"

"माझी हाय की! लई मोठी हाय!" भूमिका म्हणाली.

"पण तुम्ही काय गिऱ्हाईक न्हाईसा." आण्णांनी मिशीत हसू दाबलं. "मी म्हटलंतं गिऱ्हाइकाची तक्रार. गिऱ्हाईक म्हणतंय तक्रार न्हाय, मग मी काय करणार? चला बाई, तुम्हाला कोपऱ्यावर चहा पाजतो. शांभे, गन तापायला लाव. आणि गडहिंग्लजला काय फोन करायचा ते चहा हुईपर्यंत ठरीव."

दोघं गेली. गाडी दारातून आत घेतली गेली. सोल्डरगन तापू लागली.

"सांगायला काय झालंतं?" शेवटी तिनं विचारलं. आवाज रागाचा काढायचा होता, निघाला भलताच.

"पाय दुखायचं तेवढंच की. तुम्ही परत काउंटरवर बसून बिलं फाडताय, हे मला बघवलं नसतं." तो भिजलेल्या बोटांकडे बघत म्हणाला. "पण जागा न्हाय का म्हणालासा, ते काय अजून कळलं न्हाय."

"मला वाटलं… तसली पिन दुसऱ्या कुणाकडं हाय. रोज भरलेला सेट घेऊन येतासा म्हटल्यावर मी काय समजायचं? आणि ती पेटीवर हात ठेवून—"

"म्हंजे मी गाडी ढकलत हुतो, तवा तुम्ही…"

"तवा मी जळत हुतो," शांभवी म्हणाली. "लई जळत हुतो. बास?"

तो हसला नाही. त्यानं शर्टाच्या खिशातून पिन काढली आणि टेबलावर तिच्यापुढे ठेवली. "ही तुमच्याकडंच असू दे. मला दुसरीकडं कुठं चार्ज करायचं न्हाय. ह्या जन्मात न्हाय."

मग त्यानं दुसऱ्या खिशातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. चष्मा! बारीक, तपकिरी फ्रेमचा.

"नंबर अंदाजानं घातलाय. तार किती लांब धरतासा ते बघून. पंधरा दिस खिशात हाय, पण दुकानात यायचं नाव न्हाय तुमचं." तो जवळ आला. "बसवू?"

तिनं मान पुढे केली. त्यानं तिच्या कानामागचे ओले केस हळूच सारले आणि चष्म्याची काडी सरकवली. एकदा बसली नाही. पुन्हा सरकवली.

"असंच सारतासा सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. पण हात कधी थरथरत न्हाय."

तिनं त्याच्या हाताकडे बघितलं. मग तुटक्या जोडाकडे बघितलं. सोल्डरचा गोळा तारेच्या शेजारीच पडला होता, तारेवर नाही. आंधळ्यालाही दिसला असता, असं तिला वाटलं. मग तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पापणीवर पावसाचा थेंब होता आणि भुवईत जुनी खूण होती. इतके दिवस समोर बसायचा, ती खूण तिला दिसलीच नव्हती. तो नेहमीच्या स्टुलावर टेकला.

"काय ठरलं गं?" बाहेरून आण्णांची हाक आली. "काय कळवू त्यांना?"

"येऊ नका म्हणावं!"

"आणि कारण काय सांगू?"

"कारण हितं स्टुलावर बसलंय की!"

स्टुलावरचं कारण कानापर्यंत लाल झालं. शांभवीनं गन उचलली, जोडावर नीट टेकवली आणि सोल्डर तारेभोवती चांदीसारखा पसरेपर्यंत धरून ठेवली. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आणि हे बघ, सोमवारपासनं बायकांच्या फ्रेमा भूमिका बसवणार. तुझं काम भिंगं घासायचं."

"आणि मार्गशीर्षात ती लगीन होऊन गेल्यावर?"

शांभवीनं जोडावर फुंकर मारली, तार ओढून बघितली. पक्का होता.

"तवा मी येऊन बसवतो," ती म्हणाली.